दोघींनी ओढायचं पिपरमिंट

सिस्टर कात्री उकळायला लागल्या, की दिवाळी आली म्हणून समजायचं. बाकीच्या घरांत चकलीची भाजणी दळून यायची, अनारशाचे तांदूळ भिजायचे, आणि आमच्या घरमालकीणबाई स्टोव्हवर पातेलं चढवून त्यात एक लांब कात्री उकळत बसायच्या. त्या कात्रीनं पिपरमिंट कापायचं असे. ही कात्री बाळंतिणींच्या नाळा कापायची आहे, असं आमच्या यांचं ठाम मत होतं. नोकरी संपल्यावर दवाखान्यातून त्या ती घरी घेऊन आल्या होत्या, एवढं मात्र खरं. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "उकळल्यावर काय राहतंय त्यात?" हे काही उत्तर नव्हे. त्यामुळे आमच्या घरात पिपरमिंट मी एकटीच खात होते.

सोलापुरात साखर पेठेत त्यांचं घर होतं. पुढं त्यांची खोली, मागं अंगण आणि अंगणाच्या कडेनं आम्हा भाडेकरूंची बिऱ्हाडं. दुष्काळ नुकता सरला होता, साखर रेशनवर होती. राहायचं साखर पेठेत आणि पाहुणा आला की चहात गूळ घालायचा, अशी आमची थोरवी. घरपट्टीच्या पावतीवर सिस्टरांचं नाव छापलेलं असायचं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. पेठेतल्या पोरांपासून नळाला पाणी सोडणाऱ्या माणसापर्यंत सगळे 'सिस्टर'च म्हणत.

नोकरी संपली होती, पण त्यांचा दवाखाना काही संपला नव्हता. पांढरं सुती पातळ, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट, छातीशी पिनेनं उलटं टांगलेलं घड्याळ. आमच्या खोल्यांना त्या वॉर्ड म्हणत. आम्ही दोन नंबर वॉर्ड. कसं काय, बरं आहे ना, असलं काही त्या कधी कुणाला विचारत नसत. सरळ मनगट धरायच्या, घड्याळात बघायच्या आणि "ठीक आहे" म्हणून हात सोडून द्यायच्या. भाजीवालीचंसुद्धा मनगट धरायच्या. ती बिचारी आधी घाबरायची. पुढं पुढं टोपली उतरवायच्या आत आपणहून हात पुढं करायला लागली.

पाहुण्यांची वेळ चार ते सहा. सहा वाजले की सिस्टर अंगणात येऊन पितळी घंटा वाजवत आणि पाहुणा उठेपर्यंत तिथंच उभ्या राहत. माझा भाऊ एकदा मुक्कामाला आला, तर त्यांनी त्याला विचारलं, "ॲडमिट आहेस का?" त्याला काही कळेना. शेवटी त्यानं जरा खोकून दाखवलं, तेव्हा राहू दिलं. आणि हात तर काय, कोपरापर्यंत धुवायच्या. जेवणाआधी, जेवणानंतर, भाडं घेण्याआधी, भाडं घेतल्यावर, भांडायच्या आधीसुद्धा. एकदा माझ्याशी पाण्यावरून वाद झाला, तेव्हा "थांब, आले" म्हणून आत गेल्या, साबणानं हात धुऊन आल्या आणि मग भांडल्या. तोवर माझा राग निम्मा झाला होता. मला वाटतं, त्यांनाही तेच हवं असेल.

पिपरमिंट त्यांनी कुठून उचललं, ते त्या मोकळेपणानं सांगत. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला होत्या. तिथली गोरी मडम नाताळ आला की घरी पिपरमिंट करायची आणि शिकाऊ पोरींना ओढायला लावायची. मडम पुढं मायदेशी गेली. सिस्टरांनी पिपरमिंट ठेवून घेतलं आणि नाताळ सोडून दिला. "सण कुठला का असंना, पोट तेच की," असं त्यांचं म्हणणं. फराळ हाणून झालेल्या पोटाला शेवटी पिपरमिंटच पाहिजे, नाहीतर दिवाळीचं अजीर्ण तुळशीच्या लग्नापर्यंत जात नाही, हे त्या इतक्या ठासून सांगत की लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्ताशांच्या शेजारी पिपरमिंटची वाटी ठेवायची आमच्या अंगणात रीतच पडली. मडमच्या पिपरमिंटला तांबडी रेघ असायची म्हणे. ती सिस्टरांनी काढून टाकली होती. म्हणायच्या, "रेघेला काय चव असतीय?"

सगळ्या बिऱ्हाडांनी आपापल्या वाट्याची थोडी थोडी साखर त्यांच्याकडं द्यायची. काष्ठौषधीच्या दुकानातून त्या पिपरमिंटचं फूल आणायच्या. फूल म्हणजे झाडाचं फूल नव्हे, कापरासारखे पांढरे खडे. कुपीचं बूच काढलं की डोळ्यांत पाणी यायचं. साखरेत थोडं पाणी आणि लिंबाचा रस घालून पाक करायचा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की कट्‌कन मोडला पाहिजे. मग तो तूप लावलेल्या शहाबादी फरशीवर ओतायचा, उलथन्यानं कडा आत घ्यायच्या, फुलाची पूड भुरभुरवायची, आणि हाताला सोसेल एवढा झाला की ओढायचा. खरं काम ते. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, हाताला तूप फासायचं आणि एकेक टोक धरून मागं सरायचं. मग दुमडायचं. दुमडताना एकीनं आपलं टोक दुसरीच्या हातात द्यायचं आणि मधला पदर आपण घ्यायचा. पुन्हा ओढायचं. आधी मधासारखा दिसणारा तो लोळा ओढता ओढता पांढराशुभ्र होतो, रेशमाच्या लडीसारखा चमकायला लागतो. मग भराभर कात्रीनं तुकडे करायचे. एकटीनं हे होत नाही. म्हणून सिस्टरांना दरवर्षी एक माणूस लागायचं, आणि लग्न होऊन मी त्या घरात राहायला आल्यापासून ते माणूस मी होते.

ओढताना बोलायचं नाही, असा नियम होता. बोललं की थुंकी उडते. दोघींच्या तोंडाला चौपदरी फडकं. कोणी अचानक अंगणात आलं असतं, तर त्याला वाटलं असतं, इथं काहीतरी कापाकापी चाललीय.

आता त्यांच्या बोलण्याविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. सिस्टर मूळच्या दुधनीच्या पलीकडच्या. घरची भाषा कानडी, मराठी दवाखान्यात पेशंटांकडून शिकलेल्या. बोलायच्या झकास, पण एक शब्द त्यांच्या तोंडात कायमचा बसला होता. गार. कुणी चिडलं, रडलं, घाबरलं, पाया पडलं, तरी यांचं आपलं "गार हो." सोलापूरचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला गार या शब्दाचं अप्रूप असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्याकडं माणूस गार झाला म्हणजे काय, ते कुणालाही विचारा. शेजारच्या बिऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना सडकून ताप भरला, तर सिस्टर रात्रंदिवस त्यांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या आणि प्रत्येक पट्टीला म्हणत होत्या, "काका, गार व्हा आता. गार व्हा." मुलगा बिचारा उपकाराखाली दबलेला, बोलणार काय? प्रत्येक वेळी नुसता वडिलांच्या छातीकडं बघायचा, खाली-वर होतेय ना म्हणून. म्हातारे खडखडीत बरे झाले.

मी गार या शब्दाला सरावले होते. माझ्या सासूबाई सरावलेल्या नव्हत्या.

सासूबाई करमाळ्याजवळच्या खेड्यात राहत. शेती होती, ती त्या स्वतः बघत. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे पहिल्या वेळी सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला सासरी गेले होते. तिथं अवेळी पोटात दुखायला लागलं. गावात डॉक्टर नाही, एस.टी. सकाळची. सकाळपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगा होता. याच्यापुढं त्यावर मला बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

दुसऱ्या वेळी मला दिवस गेले आणि मी मनाशी पक्कं केलं, की काही झालं तरी सोलापूर सोडायचं नाही. मुलींच्या शाळेत मी तात्पुरती मास्तरीण होते. वर्ष नीट पार पडलं की कायम होणार होते. मधेच गेले असते तर माझ्या जागेवर दुसरी यायला टपलेलीच होती. पण खरं सांगते, नोकरीचं दुःख मी गिळलं असतं. मला भीती वाटत होती. त्या घरात, त्याच खोलीत, त्याच खाटेवर पुन्हा जाऊन पडायचं, या विचारानं मला झोप लागत नव्हती. इथं सिस्टर होत्या. त्या रोज माझ्या पोटाला नळी लावून ऐकायच्या आणि "ठीक आहे" म्हणायच्या. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

हे सगळं मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघू." आमचे हे म्हणजे सज्जन माणूस. कचेरीत कारकून होते आणि घरातही सगळी प्रकरणं पुढच्या टेबलावर सरकवत.

दिवाळीच्या आधी सासूबाई मला न्यायला आल्या. बोचकं घेऊन अंगणात पाय ठेवतात तोच सिस्टर समोर. "आजी, भेटायची वेळ चार ते सहा."

दवाखान्यात सगळ्या म्हाताऱ्यांना आजी म्हणायची त्यांची सवय. सासूबाई खोलीत आल्या त्या धुमसतच. "आजी कुनाला म्हनती गं ती? तिच्या डोस्क्यात एक तरी काळा क्यास हाय का बघ."

"आई, त्या मनानं चांगल्या आहेत."

"मनाचं मला काय दिसतंय? त्वांड दिसतंय."

तरी ते तिथं मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर नेहमीप्रमाणं हात धुऊन आल्या, नळी लावून ऐकलं, आणि बाळानं त्याच वेळी आतून अशी काही लाथ मारली की नळी हलली. सिस्टर हसल्या. त्या फार क्वचित हसायच्या. माझ्या पोटावर तळहात ठेवून डोळे मिटून म्हणाल्या, "पोट गार राहू दे तुझं. गार राहू दे."

सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात परातीतच थांबला. सिस्टर गेल्यावर त्या माझ्याकडं वळल्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हनाली ती?"

"आई, त्यांची बोलायची तऱ्हा आहे ती."

"पोटुशीच्या पोटाव हात ठिवून गार पडू दे म्हनायची तऱ्हा?"

"पडू दे नाही म्हणाल्या. राहू दे म्हणाल्या."

"गार कंचं प्वाट आसतं, तुला म्हाईत न्हाय व्हय गं? तुला म्हाईत न्हाय?"

सिस्टरांना वाईट म्हणायचं नव्हतं याची मला खात्री होती, पण त्यांना काय म्हणायचं होतं, ते मलाही माहीत नव्हतं. आजवर कधी विचारलंच नव्हतं. जीव गार झाला असं आपणही म्हणतो, हे मी सांगून बघितलं. पण एकदा ज्या बाईनं स्वतःच्या हातानं गारठलेलं नातवंड फडक्यात गुंडाळलंय, तिच्यापुढं शब्दांचे अर्थ कुठं लावत बसणार?

त्यांनी संध्याकाळी यांना सांगून टाकलं. इथलं बिऱ्हाड मोडायचं, हिला उद्याच गावाला न्यायचं, दिवाळी तिकडं. हे नेहमीप्रमाणं बघू म्हणाले, पण या वेळी त्यांनी खरंच एस.टी.ची वेळ बघून आणली. मी रडले, भांडले, जेवले नाही. सासूबाई म्हणाल्या, "माज्यावर राग धर. पर मी तुला त्या बाईच्या सावलीला ठिवनार न्हाय." त्या वाईट बाई नव्हत्या हो. त्यांनाही भीतीच वाटत होती. एका घरात दोघी भ्यालेल्या आणि दोघी एकमेकींना दोषी धरणाऱ्या.

सिस्टरांना मी जाऊन सांगितलं. गार म्हटल्याचं सांगितलं नाही, नुसतं निघालोय म्हटलं. त्या म्हणाल्या, "पेशंट हलवायचा तर नर्सला विचारावं लागतंय की." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "उद्या पिपरमिंट आहे."

ते पिपरमिंट मी ओढायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. मागं सरताना पाय घसरला तर? म्हणून त्यांनी मागच्या आळीतल्या एका विणकराच्या बायकोला सांगून ठेवलं होतं. ती ऐनवेळी माहेरी गेली. तेव्हा सिस्टरांनी अंगणाच्या भिंतीत एक खुंटी ठोकून घेतली. हलवाई खुंटीला अडकवून ओढतात, मग मला का जमू नये, हा विचार. मी त्या वेळी स्टुलावर बसून बघत होते. आमच्या खोलीच्या दारात सासूबाई बोचक्याला गाठ मारत होत्या. हे टांगा आणायला गेले होते.

पाक झाला, फरशीवर पडला, फूल टाकलं, अंगणभर डोळ्यांना झोंबणारा वास सुटला. सिस्टरांनी फडकं बांधलं, तूप फासलं, लोळा उचलून खुंटीवर टाकला आणि जोर लावून ओढला. खुंटी भिंतीच्या ढलप्यासकट बाहेर आली. सिस्टर दोन पावलं मागं गेल्या, लोळा कसाबसा फरशीवर पडला.

त्या खुंटीकडं बघत राहिल्या. तेवढ्यात लोळ्याच्या कडा काचेसारख्या व्हायला लागल्या. मी उठले आणि तुपाच्या वाटीकडं हात नेला.

"बस खाली."

"हलू नगंस."

दोन्ही आवाज एकदम आले. एक फडक्यातून, एक दारातून. दोघींनी पहिल्यांदाच एकमेकींकडं नीट बघितलं.

"आता काय हुनार त्येचं?" सासूबाईंनी विचारलं. माझ्याकडं बघून, पण प्रश्न सिस्टरांना होता.

"दगड होणार. फेकून द्यायचं."

"समदी साकर?"

"सगळ्या वॉर्डांची."

सासूबाईंनी दुष्काळात खडी फोडली होती. रोजगार हमीच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्या लोळ्याकडं त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, तसं मी कधी साखरेकडं बघितलेलं नाही. शिवाय त्या पुढं झाल्या नसत्या तर मी झाले असते, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी पदर खोचला आणि विचारलं, "हात कुटं धुवू?"

सिस्टर एकदम बाजूला झाल्या आणि मोरी दाखवली. सासूबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले. तोंडाला फडकं बांधून घेतलं नाही, पदराचं टोक दातात धरलं. सिस्टरांनी ते चालवून घेतलं.

ओढायला लागल्या. सासूबाईंचा हात मोठा जबरदस्त. "हळू की," सिस्टर म्हणाल्या, "विहिरीचा दोर नाही हा." दुमडलं. टोक हातात दिलं. पुन्हा ओढलं. दर वेळी सासूबाईंची खरबरीत बोटं सिस्टरांच्या बोटांवर यायची आणि दोघीही दुसरीकडं बघायच्या. असं थोडा वेळ चाललं, मग सासूबाईंनी दातातला पदर सोडला.

"नर्सबाई, येक इचारू?"

"ओढताना बोलायचं नाही. थुंकी उडते."

"उडू द्या. माज्या सुनंचं प्वाट गार पडावं आसं तुमी कशापायी म्हनाला? तिनं तुमचं काय वाकडं केलंय?"

सिस्टर थांबल्या. पिपरमिंट दोघींच्या मधे लोंबायला लागलं. "ओढा, ओढा, खाली टेकेल," मी म्हटलं, तशा पुन्हा ओढायला लागल्या. सोडून तर कुणालाच जाता येत नव्हतं.

"गार पडू दे कुठं म्हटलं?" सिस्टरांचा आवाज लहान झाला होता. "राहू दे म्हटलं."

"त्येच की. गार प्वाट मढ्याचं आसतं."

सिस्टरांनी खांद्यानं घासून तोंडावरचं फडकं खाली सरकवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना ओढताना उघड्या तोंडानं बघितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आमच्यात म्हणतात तसं."

"कुनात?"

"आमच्यात. दुधनीकडं. होट्टी तण्णगिरली. पोट गार राहू दे. पाया पडलं की म्हातारी बाई म्हणते लेकुरवाळीला." त्या शब्द शोधत होत्या, हात मात्र चालूच होते. "लेकरू गेलं की आईच्या पोटात आग पडते की नाही? तशी पडू नये. गार राहावं. ती असीस आहे."

दुमडलं, टोक दिलं, ओढलं.

"मंग मराटीत म्हना की तसं," शेवटी सासूबाई म्हणाल्या.

"मराठीतच म्हटलं की."

मला हसू फुटलं. त्या दोघी मुळीच हसल्या नाहीत. पिपरमिंट पांढरं व्हायला लागलं होतं.

"पडती," सासूबाई म्हणाल्या. "आग पडती. माज्या दोन लेकी गेल्या. लई वरसं झाली. आजून इजली न्हाय." यांना बहिणी होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. यांनी कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी टोक सिस्टरांच्या हातात दिलं आणि या वेळी त्यांच्याकडं बघितलं. "तुमाला कुनी दिली व्हती का, ही आसीस?"

"मला कोण देणार? लेकुरवाळीला देतात ती," सिस्टर म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, औषधाची वेळ सांगावी तशा. मग म्हणाल्या, "आता पातळ करा. कापायला घेऊ."

हे टांगा घेऊन आले तेव्हा सासूबाई पिपरमिंटची दोरी सरळ धरून उभ्या होत्या आणि सिस्टर त्या बदनाम कात्रीनं तुकडे पाडत होत्या. हे म्हणाले, "आई, टांगा आलाय."

"परत धाड."

"एस.टी. जाईल की."

"माजं हात रिकामं दिसत्यात का तुला?"

आमच्या यांनी बघू म्हटलं नाही. जाऊन टांगा परत पाठवला. सासूबाईंनी काम संपल्यावर एक तुकडा तोंडात टाकला, श्वास आत ओढला आणि डोळे मोठे केले. "त्वांडात वारं सुटलं की गं," म्हणाल्या आणि आणखी एक घेतला. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, की बाळंतपण हितंच. पर मी बी ऱ्हानार. सिस्टर म्हणाल्या, "पाहुण्यांची वेळ चार ते सहा." सासूबाई म्हणाल्या, "मंग मी पाव्हनी न्हवं." सहा वाजता घंटा वाजली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. सिस्टर घंटा घेऊन आत गेल्या.

पुढचे महिने दोघींचं रोज वाजायचं. मी किती खावं, काय खावं, पायऱ्या उतरू की नको. एकीचं मत डिंकाचे लाडू, दुसरीचं कॅल्शियमच्या गोळ्या. मी दोन्ही गिळत होते. शाळा शेवटपर्यंत केली. सातवा महिना लागला तेव्हा मी कुणाला न सांगता घाबरले होते, आणि त्याच रात्रीपासून सासूबाईंनी आपलं अंथरूण माझ्याशेजारी आणि सिस्टरांनी आपली बाज आमच्या दाराबाहेर टाकली. महिना उलटला तेव्हा दोन्ही अंथरुणं आपापल्या जागी गेली.

थंडी सरता सरता सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. सिस्टर कडक इस्त्रीचं पातळ नेसून माझ्याबरोबर आत आल्या होत्या. नोकरी सुटून इतकी वर्षं झालेली, कुणी त्यांना अडवायला पाहिजे होतं, पण त्यांच्या चालण्याकडं बघून कुणी अडवलं नाही. मुलगी जरा उशिरानं रडली. तो वेळ फार थोडा असेल, मला फार मोठा वाटला. मग तिनं असा टाहो फोडला की बाहेर सासूबाई मटकन खाली बसल्या. सिस्टर बाहेर जाऊन त्यांना म्हणाल्या, "ठीक आहे." नुसतं तेवढंच. सासूबाईंनी आपलं मनगट पुढं केलं, का कोण जाणे. सिस्टरांनी ते धरलं आणि घड्याळात न बघता तसंच धरून ठेवलं.

बारशाला अंगणातल्या आणि आळीतल्या बायका जमल्या. यांच्या चुलत बहिणींना सासूबाईंनी बोलावणंच धाडलं नव्हतं. मला वाटलं, विसरल्या. पाळणा सजवला, घुगऱ्या झाल्या, आणि एकीनं विचारलं, "आत्या कोण? नाव कोण ठेवणार?" सिस्टर लांब, दाराशी उभ्या होत्या. अशा कार्याला त्या कायम दाराशीच उभ्या राहत.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "सिस्टर म्हंजी काय गं विंग्रजीत?"

"बहीण."

"कुनाची?"

"कुणाचीही, आई."

"मंग माज्या लेकाची धरू." आणि दाराकडं बघून म्हणाल्या, "या हिकडं. पोरीच्या कानात नाव सांगा."

मागून एक बाई कुजबुजली, की ज्या बाईला मूलबाळ नाही तिला पाळण्याशी कशाला. सासूबाई वळल्या. "तुला मी बोलावलं, घुगऱ्या दिल्या. सल्ला मागितला न्हाय."

"मला येत नाही ते," सिस्टर म्हणाल्या. त्यांना काही येत नाही, असं त्यांनी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"नाव तर घ्या. हात धुऊन या पायजे तर."

सिस्टर खरंच हात धुऊन आल्या. कोपरापर्यंत. बायका बाजूला झाल्या. त्या पाळण्यावर वाकल्या आणि मुलीच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. आता नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत सगळ्यांनी धपाटे घालायचे, ही रीत. पण सिस्टरांच्या पाठीत धपाटा कोण घालणार? सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या.

"आत्या हाय न्हवं? मारा की गं," म्हणत पहिला धपाटा सासूबाईंनी घातला, चांगला सणसणीत. मग माझा हात पडला. मग सगळ्याच जणी हसत सुटल्या आणि पांढऱ्या पातळावर धपाधप हात पडायला लागले.

सिस्टर वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. नाव केव्हाच सांगून झालं होतं. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या बाईला लागलं. एकेक हात थांबला.

"थांबलात का?" पाळण्यातून मान वर न काढता त्या म्हणाल्या. "मारा की अजून."